शिडाची होडी घरी बांधली, पण खऱ्या मरीन प्लायने जीव काढला

सहा मिलीमीटरचं खरं मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात थर न सुटणारं प्लायवुड, मिळवताना जो वैताग आला, तो अजून उतरलेला नाही. म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो. होडी झाली, वाऱ्यावर झकास चालते आणि मला तिचा अभिमान आहे.

आमचं घर विजयदुर्गच्या बाजूला, वाघोटणच्या खाडीकाठी. खळ्यात मांडव घालून अकरा फुटांची, एका शिडाची होडी बांधली. जुन्या पद्धतीच्या होडीला पठाण (तळाचा मुख्य लांब वासा), वाक (आतल्या आडव्या फासळ्या), जाड फळ्या आणि मुरलेला सुतार लागतो. मी धरली ती तारेने शिवायची पद्धत: प्लायचे तुकडे आकारात कापायचे, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने जोडायचे आणि सांधे इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या गोंदाने, भरायचे. १९६२ साली इंग्लंडात निघालेली ‘मिरर’ ही होडी याच पद्धतीने हजारो लोकांनी घरी बांधली. तांब्याची तार विकत आणू नका, जुनी वायर सोलली की भरपूर निघते.

या पद्धतीत आत वाक जवळजवळ नसतातच. सगळा भार प्लायच्या थरांवर आणि त्यांच्यामधल्या गोंदावर. गोंद सुटला की होडी गेली. आणि नेमकं तिथेच दुकानदार खुशाल ‘मरीन’ म्हणून काहीही पुढे करतात. एकाने तर सांगितलं, “साहेब, वॉटरप्रूफच आहे, किचनच्या ट्रॉलीला हेच जातं.” अहो, ट्रॉली खाडीत घालायची नाहीये! शिक्का बघितला तर आयएस ३०३ (आयएस म्हणजे भारतीय मानकाचा नंबर). ते घरातल्या फर्निचरचं प्लाय. होडीला आयएस ७१० लागतं, त्याचा गोंद फिनॉलचा असतो आणि बहात्तर तास उकळून चाचणी घेतात. दुसऱ्या दुकानात ७१०चा शिक्का होता, पण लायसन्स नंबर धड वाचता येईना. तो नंबर भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की कारखान्याचं नाव येतं. नाही आलं तर तिथून उठायचं. तिसरीकडे म्हणाले मागवून देतो, पुढच्या आठवड्यात गाडी येईल. मग घाट बंद, मग गाडी भरली नाही, मग फोनच उचलेनात. शेवटी आला तो एकोणीस मिलीमीटरचा माल. “जाड आहे, उलट चांगलंच की!” हे ऐकून डोकं फिरलं. एकोणीसचं प्लाय होडीच्या बाकाला वळतं का कधी?

म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी हातभर तुकडा मागा. आधी कड बघा: थरांमध्ये फट, पोकळी किंवा एकावर एक चढलेला थर दिसला तर नको. सहा मिलीमीटरात पाच थर असलेलं तीनपेक्षा बरं. मग तो तुकडा उकळा. मी मागच्या पडवीतल्या चुलीवर जुन्या टोपात घातला. ‘मरीन’ म्हणून गळ्यात मारलेला तुकडा दुपारपर्यंत कडेने फुगला आणि संध्याकाळी त्याचे थर हाताने सोलता आले. घरी तीन दिवस जाळ ठेवणं जमत नाही, पण कच्चं प्लाय तेवढा वेळ घेतच नाही. खरा तुकडा दिवसभर उकळला, रात्रभर पाण्यात ठेवला, पुन्हा उकळला. मग पटाशी घालून थर उचकटला, तेव्हा लाकडाचे तंतू तुटून वर आले, गोंद जागचा हलला नाही. शेजारचे सुतार आबा आधी म्हणत होते, “ह्या पातळ फळयेची होडी पाण्यात टिकात काय रे?” तो तुकडा त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, “हां, ह्या चलात.” त्या दिवशी मला खरं हायसं वाटलं. माल शेवटी कोल्हापूरहून आला.

पुढचं काम भराभर झालं. आठ फुटी ताव अकरा फुटांना पुरत नाही, म्हणून दोन तावांच्या कडा तिरक्या तासून एकमेकांवर जोडायच्या. उतार जाडीच्या आठपट, म्हणजे ४८ मिलीमीटर. इपॉक्सीचं काम दिवाळीनंतरच धरा. दमट हवेत त्यावर मेणचट थर येतो, तो घासण्याआधी पाण्याने धुवावाच लागतो, नाहीतर इपॉक्सीचा पुढचा हात त्यावर धरत नाही. आणि कालवलेलं इपॉक्सी डब्यात ठेवू नका, एका जागी साठलं की आपोआप तापून दगड होतं. पसरट ताटात घ्या. सांधे भरायला त्यात लाकडाचा बारीक भुसा मिसळायचा.

डोलकाठीला आपला माणगा बांबू उत्तम, जवळजवळ भरीव असतो. शीड ताडपत्रीचं, बाजारातल्या पिशव्या शिवणाऱ्या टेलरकडून शिवून घेतलं. डोलकाठीकडची कड सरळ कापू नका, थोडा बाक ठेवा, म्हणजे शिडाला पोट येतं.

आठवलं म्हणून लिहितो, पुढच्या-मागच्या बंद कप्प्यांत थर्माकोल भरा. खोल पाण्यात जाण्याआधी छातीभर पाण्यात होडी मुद्दाम उलटवून परत सरळ करून बघा. तेही भरतीच्या वेळी, लाइफ जॅकेट घालून. ओहोटीला खाडीचं पाणी समुद्राकडे ओढतं आणि वारा पडला तर शिडाचा काही उपयोग होत नाही, म्हणून एक वल्हं कायम आत बांधलेलं असू द्या.