लॅपटॉपवरची नक्षी चादरीवर उतरवली, माझा अनुभव

गेलं वर्षभर प्रोसेसिंग नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहून चित्रं काढायचा नाद लागलाय मला, आणि त्यात खरा जीव जडला तो रिॲक्शन-डिफ्यूजनवर. प्रत्येक पिक्सेलमध्ये दोन रसायनं आहेत असं धरायचं, पहिलं सारखं थोडं थोडं ओतत राहायचं, दुसरं ते खाऊन वाढतं, मग दुसऱ्यातलं थोडं काढून टाकायचं, आणि दोन्ही आजूबाजूला पसरतात, पहिलं दुप्पट जोरात. बस्स. प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके-पट्टे अशाच हिशोबातून येत असतील असं गणितज्ञ ॲलन ट्यूरिंगने १९५२ लाच मांडलं होतं. मी त्यातलं ग्रे-स्कॉट मॉडेल वापरतो, वर सांगितलेला हिशोब त्याचाच. ओतायचा आकडा ०.०५५ आणि काढायचा ०.०६२ ठेवला की पोवळ्यासारख्या वळ्या पसरत जातात, तोच काढायचा आकडा ०.०७ केला की सगळं मरतं आणि स्क्रीन कोरी. दोन रात्री मी तिथंच अडकलेलो.

आमच्या मामांचे सोलापुरात पूर्व भागात माग आहेत, चादरीचे. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "काय बे, हे जॅकार्डवर बसंल की!" जॅकार्ड म्हणजे मागावरचं नक्षी विणायचं यंत्र. आणि खरंच, त्यातल्या पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असलं तर तो धागा उचलायचा, नसलं तर नाही, म्हणजे एक आणि शून्यच ना. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितं करणाऱ्या यंत्रासाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या पूर्वजासाठी, कार्डाची कल्पना जॅकार्डवरूनच घेतलेली, हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी हात पुसून मागाकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं.

मामांच्या जॅकार्डला उभे धागे उचलणारे ४०० हुक, म्हणून मी चित्रात ४०० उभ्या रांगा धरल्या. नक्षी चादरभर परत परत येणार, तर जोड दिसू नये म्हणून उजव्या कडेचा शेजारी डावी कड आणि खालचा शेजारी वरची कड असं कोडमध्ये जोडून टाकलं, हे काम सोपं निघालं. खरी अडचण पुढं. नमुना विणून आला आणि सगळ्या गोल वळ्या उभ्या ताणल्यासारख्या, कारण बाण्याचे (आडवे) धागे इंचाला ताण्याच्या (उभ्या) धाग्यांपेक्षा कमी. पट्टीने मोजलं, दीडपट. चित्र नुसतं दाबलं तर कडा तुटतात, मग मी उभ्या दिशेला पसरायचा वेगच २.२५ ने भागला (आकार वेगाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून दीडचा वर्ग) आणि नक्षी पहिल्यापासून वाढू दिली.

परत कार्डं मारायला चार दिवस. कार्ड मारणारे काका ग्राफवर बोट ठेवून म्हणाले, यात एक ओळ दुसरीसारखी नाही बघा, मोर-कमळात निदान अर्धं तरी सारखं असतंय. तरी एकही भोक चुकलं नाही त्यांचं.

माग सुरू झाल्यावर खडखडाटात काही बोलता येत नव्हतं, मी आणि मामा नुसते उभे. पांढऱ्यावर मरून रंगाची वळी एकेका धाग्याने वर यायला लागली, आणि गोल होती, पक्की गोल.

ती चादर आज्जीच्या कॉटवर आहे. पुढची ठिपक्यांची करायची, कार्डं गड्ड्यानंतर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेनंतर, मारायची ठरलीयत.