चिकूचा रविवार

आजचा अख्खा दिवस माझ्या कुत्रीचा, चिकूचा. उजाडता उजाडता शिवाजी पार्कला फेरी मारली, तिथून थेट दादर चौपाटी. ओहोटी होती. ओल्या वाळूवर तिने जी काही धूम ठोकली, दोरी धरून माझीही पळापळ झाली आणि मन भरून आलं.

इतक्या लवकर निघतो ते तिच्या पंज्यांसाठी. ऊन चढलं की डांबर भाजतं. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा, आपल्याला सोसलं नाही तर त्यांनाही सोसत नाही. कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ती गार होतात. मुंबईच्या दमट हवेत तेही जड जातं.

घरी येऊन कोमट पाण्याने आंघोळ, मग कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचिडं तपासली. जेवायला उकडलेलं चिकन, भात, लाल भोपळा, वर चमचाभर दही. कांदा-लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कधीच नाही. त्यांना ते विषच.

लिफ्टमध्ये एकांनी विचारलं, "कुठली ब्रीड?" म्हटलं, "देशी. आपल्या मुंबईचीच." (आणि हो, सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट लिहिलंय.)

संध्याकाळी तासभर पोट खाजवून घेतलं बाईसाहेबांनी. किती गोड दिसते तेव्हा!

पुढच्या रविवारी वांद्र्याला, कार्टर रोडच्या डॉग पार्कला. कुणी आपली पिल्लं घेऊन येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा, सोबत जाऊ.