किनाऱ्याची पायपीट: आधी तिथी बघा

सोलापूरकर कोकणात चालायला निघाले की उन्हाची फुशारकी मारतात. आपल्याकडे घाम वाळतो, तिकडे अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही. माणशी 3 लिटर पाणी न्या, सोबत मीठ-साखर.

खरा हिशेब भरतीचा. तिथीचा आकडा पाऊणपट केला की कोकणात भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला 6, म्हणजे सहा तासांनी, 12च्या सुमारास ओहोटी. पक्की वेळ तक्त्यात बघावी. कड्याखालची वाट ओहोटीच्या दोन तास आधी धरा. उशीर केलात तर मागची पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, बुडते आणि पुढे कातळ आडवा येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी आणखी वर चढतं. गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ, म्हणजे किनाऱ्याच्या कातळातली भेग, तर भरतीला लांबूनच पाहावी; त्या चिंचोळ्या भेगेत लाट घुसली की पाणी उंच उसळतं.

ओल्या, घट्ट वाळूवरून चाला, कोरडीत पोटऱ्या भरून येतात. हिरवं शेवाळ टाळा. कातळाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, त्यामुळे बंद बूटच हवेत.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्याच, पण हवाबंद डब्यात. दमट हवेत भाकरी चामट होते.