तुम्ही विचारलंत म्हणून: मी शिशाची गोळी का सोडली

दर ऑक्टोबरात, हरणाच्या शिकारीचं लायसन्स काढून झालं की कुणीतरी विचारतंच, ‘ताई, तुम्ही शिसं का सोडलंत?’ विचारणाऱ्यापुढे गोळ्यांचे दोन डबे असतात, एक नेहमीचा शिशाचा, एक तांब्याचा महागडा, आणि त्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. मी इतकी वर्षं ‘मांसासाठी’ एवढंच सांगत आले. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं सांगायचं टाळलं, कारण त्यात माझी चूक किती आणि गोळीची किती, हे मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही. (हरीण मारवतं कसं, हा प्रश्न पुण्याहून फोनवर येतो. तो वेगळा आहे, त्याचं उत्तर आज देत नाही.)

अमेरिकेत, मिनेसोटातल्या बेमिजीच्या उत्तरेला मी आठ हंगाम टू-सेव्हंटी रायफल वापरली, गोळी १३० ग्रेनची. म्हणजे जेमतेम साडेआठ ग्रॅम, आत शिसं, वर तांब्याचं पातळ जॅकेट. गोळी आतच फुटावी, तिची सगळी ताकद जनावराच्या छातीत खर्च व्हावी, आरपार गेली तर तेवढी ताकद वाया गेली, असं मी शिकार शिकणाऱ्या नव्या मुलांना ठासून सांगायचे. पाच हरणं पन्नास पावलांच्या आत पडली होती ना! आज त्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, माझं भांडण आहे. ती पाचही हरणं शंभर-दीडशे यार्डांवर आडवी उभी होती आणि बार खांद्याच्या मागे, बरगड्यांतून फुप्फुसात गेला होता. तिथे जवळजवळ कुठलीही उमलणारी, म्हणजे लागल्यावर पसरट होणारी, गोळी काम करते. मी ते गोळीचं कर्तृत्व समजले.

२०१२ चा नोव्हेंबर, हंगामाचा पहिला शनिवार. संध्याकाळचे साडेपाच वाजत आलेले, पायाखाली कोरडा बर्फ. मचाणापासून पस्तीस यार्डांवर, पॉपलरच्या झुडपांतून एक मोठा नर बाहेर आला. आडवा नव्हता, तिरका होता, तोंड माझ्याकडे. मी थांबायला हवं होतं. अर्ध्या तासात अंधार पडेल हे डोक्यात होतं, आणि इतक्या जवळून काय चुकणार, असं वाटलं. पुढच्या फऱ्याच्या सांध्यावर नेम धरला आणि बार काढला. गोळी नेमकी तिथेच लागली.

तो खाली बसल्यासारखा झाला, मग उठला आणि तीन पायांवर दलदलीच्या दिशेने गेला. दुसरा बार काढायला वाव मिळाला नाही. अर्धा तास खाली उतरायचं नाही, हा नियम मी पाळला. उतरून बघितलं तर बर्फावर केस, हाडाचे पांढरे कण, गडद रक्त. फुप्फुसाला लागली की रक्त गुलाबी आणि फेसाळ दिसतं. तसला फेस कुठेच नव्हता. तिथे उभी असतानाच मला कळलं की गोळी आत पोचलेली नाही.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने इथे बार काढता येत नाही. ज्यांचं रान, ते सत्तरीचे गृहस्थ टॉर्च घेऊन आले. त्यांनी माग पाहिला आणि म्हणाले, आता मागे लागलो तर तो रात्रभर पळेल, सकाळी येऊ. घरी आले, जेवण गेलं नाही. रात्री तापमान उणे नऊपर्यंत उतरलं आणि तो मोडलेला पाय घेऊन टॅमरॅकच्या झाडांच्या दलदलीत कुठेतरी बसलेला असणार, एवढंच मनात फिरत होतं. सकाळी तीन तास माग काढला. तीनदा रक्त संपलं, तीनदा खुरांच्या ठशांवरून पुन्हा सापडलं. दीडेक किलोमीटरवर, पडलेल्या सीडरच्या झाडाच्या आडोशाला तो बसला होता. जिवंत होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पण उठू शकला नाही. दुसरा बार मी मानेत काढला. सतरा तास. हा आकडा मी कधी कुणाला सांगितला नव्हता.

सोलताना खांद्यात तळहाताएवढा खड्डा दिसला. सांध्याचा चुरा झालेला, जॅकेटचा चुरगळलेला तुकडा चामड्याखाली, एक बरगडी तडकलेली, आणि त्याच्या आत सगळं शाबूत.

कारण साधं आहे. ती गोळी लांब पल्ल्यासाठी केलेली होती. दोन-तीनशे यार्डांवर वेग उतरल्यावरही उमलावी म्हणून तिचं जॅकेट पातळ ठेवलेलं. पस्तीस यार्डांवर ती सेकंदाला जवळजवळ ३,००० फूट वेगाने हाडावर आपटली आणि तिथेच विखुरली. हे काही मला पहिल्यांदा सापडलेलं नाही. १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर या शिकाऱ्याच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या (हरणांतल्या सगळ्यांत मोठ्या जातीच्या) अंगात खोल शिरल्या नाहीत. म्हणून त्याने मध्ये तांब्याचा आडवा पडदा असलेली गोळी बनवली, पुढचा भाग फुटला तरी मागचा भाग पुढे जात राहील अशी, आणि १९४८ पासून ती विकू लागला. एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणाच्या, शिकारीला जाणाऱ्यांना मी आजही तीच दाखवते. हे सगळं मला २०१२ च्या आधीपासून माहीत होतं. पण आपलं हरीण मूसपेक्षा कितीतरी लहान, मग आपल्याला काय करायचंय, असं मी धरून चालले होते.

‘ताई, नेम हलला असेल,’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. नेम हलला नव्हता. तिथे नेम धरायलाच नको होता, आणि ही जास्त वाईट गोष्ट आहे.

एवढं होऊनही मी शिसं सोडलं नाही. जाड जॅकेटची दुसरी गोळी घ्यावी, इतकाच विचार होता. त्या नराच्या खांद्याचा खराब भाग हातभर कापून टाकला, उरलेल्याचा खिमा केला आणि इथल्या दोन मराठी घरांत दिला. दोन्ही घरांत लहान मुलं. फेब्रुवारीत फ्रीझरमध्ये नऊ पाकिटं उरली होती. मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते. शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यात २००८ साली दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले होते आणि अन्नछत्रांना तो वाटू नका असं सांगावं लागलं होतं, हे वाचलेलं होतं. डॉक्टरांना विचारून एका संध्याकाळी पाकिटं एक्स-रेखाली ठेवली. चारांत पांढरे ठिपके दिसले, खसखशीपेक्षाही बारीक. दाताखाली आले नसते. गोळीच्या वाटेपासून फूटभर लांबही असे कण जातात, हे मला नंतर कळलं.

दोन्ही घरी फोन केला. त्यांनी मुलांचं रक्त तपासून घेतलं, काळजीचा आकडा निघाला नाही. पण मुलांच्या रक्तात इतकं शिसं चालतं, असा कुठलाच आकडा नाही. त्यांनी मला दोष दिला नाही. मांस मात्र परत कधी मागितलं नाही.

म्हणून तांबं. रानात टाकलेला कोथळा बाल्ड ईगल (पांढऱ्या डोक्याचे गरुड) खातात आणि त्यांच्या पोटात शिसं जातं, हे कारणही खरं आहे. पण ते मला पुढे पटलं. आधी ती दोन घरं.

आता डब्यांबद्दल. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. मी १३० वरून ११० ग्रेनवर आले. हलकी गोळी वेगात जाते आणि तांब्याला उमलायला वेग लागतो. सेकंदाला २,००० फुटांच्या खाली ती नीट उमलेल, असं मी धरून चालत नाही. दोनशे यार्डांपलीकडे मी बार काढतच नाही, आणि तिथवर वेग त्याहून बराच जास्त असतो. पहिल्या कंपनीच्या गोळ्या माझ्या नळीतून शंभर यार्डांवर तीन इंचांत पसरल्या, दुसऱ्या कंपनीच्या एका इंचात बसल्या. तुमच्या रायफलीत उलटं होईल. कागदावर स्वतः बघा. स्वस्त लष्करी गोळ्यांचा विचारही नको. त्या उमलत नाहीत, सुईसारख्या आरपार जातात. उमलणारी गोळी आपल्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यामुळे जगभर गाजली आणि १८९९ च्या हेग परिषदेने ती युद्धात वर्ज्य ठरवली. हरणासाठी मात्र इथला कायदा तीच मागतो, आणि बरोबर मागतो.

तांबं निर्दोष आहे, असं मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये एका मादीला आडवी असताना खांद्याच्या मागे मारली. पलीकडचं भोक पेन्सिलीएवढं, साठ पावलांपर्यंत रक्ताचा थेंब नाही. दहा मिनिटांत सापडली, मेलेली. पण जुन्या गोळीने ती जागेवरच पडली असती, हे मला मान्य करावं लागतं. म्हणून आता तांब्याने मी आडव्या हरणाच्याही खांद्याच्या हाडावरच नेम धरते. ज्या हाडाने माझी गोळी खाल्ली, त्याच हाडावर.

मग त्या दिवशी तांबं असतं तर? सांधा फोडून फुप्फुसात गेली असती, असं मला वाटतं. आणि तसं वाटतं म्हणूनच भीतीही वाटते. गेल्या हंगामात चाळीस यार्डांवर तसाच नर आला, तसाच तिरका, तोंड माझ्याकडे. नळीत तांब्याची गोळी होती. सेफ्टी काढलेली होती. मी बघत राहिले, तो वळला नाही, झुडपात निघून गेला. गेली असती आरपार. बहुतेक.