पायथन लिहिलं तं दुकान उघडलं

चारेक वर्षांआधी मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक छोटासा प्रोग्राम लिहून गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी ठेवतात त्या साइटवर, टाकून दिला होता. काम एवढंच की कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये करून द्यायचा. ऐकायला सोपं वाटते, पण कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात, रफारचं नेमकं उलटं, त्याच्यामुळे नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, मागेपुढे ढकलाढकली करावी लागते. ते सगळं मी मन लावून केलं. आणि रीडमी, म्हणजे प्रोग्राम कसा वापरायचा ते सांगणारी फाइल? पाच ओळी, इंग्रजीत, दहा मिनिटात, तेही जेवण थंड होत होतं म्हणून घाईत.

मागच्या मे महिन्यात बाबांच्या मित्राचा फोन आला. काकांचं नागपूरच्या इतवारीत डीटीपीचं दुकान आहे, लग्नाच्या पत्रिका, पावती पुस्तकं वगैरे. म्हणे, "बाबू, तुह्यं ते फॉन्टवालं माह्या कॉम्प्युटरवर चालूच नाही होऊन राह्यलं." खरं सांगतो, मनात आलं की यांनीच काहीतरी गडबड केली असेल. भर उन्हात गेलो, कूलरसमोर स्टूल ओढला आणि म्हटलं काका, तुम्ही करा, मी नुसता पाहतो, एक शब्द बोलणार नाही.

बाप्पा, काय अर्धा तास होता तो.

रीडमीची पहिली ओळ होती "सिम्पली रन" आणि पुढे पायथनची कमांड. काकांनी विचारलं हे कुठं लिहायचं. मी गप्प. त्यांनी वर्ड उघडून त्याच्यात लिहिलं, एंटर मारलं, वाट पाहिली. चूक कोणाची? टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची काळी खिडकी, हा शब्दच मी कुठे लिहिला नव्हता. मग दुकानातल्या पोराने काळी खिडकी उघडून दिली, काकांनी पायथन टाइप केलं आणि समोर विंडोजचं ॲप स्टोअर उघडलं. काका म्हणाले, "हे तं दुकान उघडलं ना बाबू. इकत घ्या लागते का?"

तर झालं असं, की विंडोज १० मध्ये २०१९ पासून, पायथन टाकलेलं नसेल आणि तुम्ही ती कमांड दिली की ते तुम्हाला स्टोअरच्या पानावर नेऊन सोडते. फुकटच असते, पण काकांना काय माहीत. मग पायथनच्या साइटवरून इन्स्टॉलर उतरवला, तर त्याच्यात खाली एक बारीकसा चौकोन असतो, पायथन पाथमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर कमांड शोधतो त्या जागांच्या यादीत, टाकायचा, तो आधीपासून टिक केलेला नसतो. काकांनी कोणीही करेल तेच केलं, मोठं बटन दाबलं. परत कमांड दिली, परत दुकान.

मी गेली बारा वर्षं विंडोज वापरलेलंच नाही, मला यातलं एकही वळण आठवणार नव्हतं. आणि मजा म्हणजे घरी येऊन मी माझ्याच उबुंटू २४.०४ वर, म्हणजे लिनक्सवर, नवा युजर बनवून, माझंच रीडमी ओळीनं करून पाहिलं तर दुसऱ्याच ओळीला पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या प्रोग्रामने, नकार दिला. उबुंटूने २३.०४ पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने थेट काही टाकायला बंदी केली आहे, आधी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनचा स्वतंत्र कोपरा, बनवा म्हणतात, जे बरोबरच आहे म्हणा. पण माझ्या कोडमधलं एक अक्षर बदललं नव्हतं आणि रीडमी मात्र उन्हाळ्यातल्या वरणासारखं आंबून गेलं होतं.

आणि मी कोण, तर दुसऱ्यांच्या डॉक्युमेंटेशनला, म्हणजे प्रोग्रामसोबत लिहिलेल्या माहितीला, रोज शिव्या घालणारा माणूस. गिटहबने २०१७ मध्ये ओपन सोर्सवाल्यांचा, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणाऱ्यांचा, सर्व्हे केला होता, त्यात ९३ टक्के लोक म्हणाले होते की अर्धवट किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन ही मोठी अडचण आहे, आणि योगदान देणाऱ्यांतले ६० टक्के म्हणाले होते की आम्ही डॉक्युमेंटेशनला क्वचितच हात लावतो किंवा कधी लावतच नाही. मी दोन्हीकडे बसतो, लाज वाटली.

डॉक्युमेंटेशनवरच काम करणाऱ्या डॅनिएले प्रोसिडाने त्याचे चार प्रकार सांगितलेत, शिकवणारं, एखादं काम करून देणारं, संदर्भाचं आणि समजावणारं. जॅंगो या वेबसाइट बनवायच्या पायथन फ्रेमवर्कच्या डॉक्समध्ये असे भाग वेगवेगळे ठेवलेले दिसतात, म्हणून नवा माणूस तिथे हरवत नाही. माझ्या पाच ओळी यातल्या कशातच बसत नव्हत्या, त्या मी मलाच लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या.

मला आता असं वाटते की ज्याला येते त्याने पहिला मसुदा लिहूच नये. त्याचा पाय त्या खड्ड्यात पडतच नाही तर त्याला खड्डा दिसणार कसा. आज अडकलेल्या माणसाला धरा, उद्यापर्यंत तोही विसरून जाते.

काकांनी ते केलंच होतं, मला न सांगता. एका पत्रिकेच्या प्रूफच्या पाठीमागे बॉलपेनने लिहून ठेवलं होतं: आधी खालच्या चौकोनात टिक, मग मोठं बटन, मग काळी खिडकी, फाइल डेस्कटॉपवरच ठेवा नाहीतर सापडत नाही. फोटो काढून आणला आणि तेच रीडमी केलं, मराठीत, जवळजवळ तसंच. एकाने सुचवलं की फाइलला संचिका लिहा. नाही लिहिलं. काका फाइलला फाइल म्हणतात, अख्खं इतवारी म्हणते.

खाली एक भाग मात्र माझा आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचं पहिलं मॅन्युअल, नोव्हेंबर १९७१ चं, त्यात कमांडच्या माहितीखाली "बग्स" असा मथळा असायचा, म्हणजे आमचं हे इथे चुकते हे लिहिणाराच सांगून मोकळा. आजकाल पहिल्या पानावर चमकणारे बॅज दहा, आणि काय चालत नाही ते शोधायला लोकांनी टाकलेले तक्रारींचे तीनशे इश्यू वाचा. मीही तो मथळा टाकला. सध्या त्याखाली एकच ओळ आहे: "दुसऱ्या" लिहिलेलं कधीकधी "दुसर्या" होऊन बाहेर येते, पत्रिका छापायच्या आधी एकदा डोळ्यांनी पाहून घ्या.