अल्पशा आजाराने

पावसाळ्यात गगनबावड्याहून कोल्हापूर किती लांब, ते मांडुकलीजवळचं कुंभी नदीचं पाणी ठरवतं. एरवी पंचावन्न किलोमीटर.

त्या दिवशी रस्ता बंद होता. सकाळी सातला एकजण आमच्या सरकारी दवाखान्यात चालत आला. "पित्त खवळलंय डॉक्टर, एक इंजेक्शन मारा." वय ५२. शर्ट घामानं निथळत होता, पाऊस थांबलेला. ईसीजीचे रबरी फुगे ओल्या छातीवर, त्या केसांत टिकेनात. ब्लेड मागवलं, केस काढले, स्पिरिटनं पुसलं, फुगे परत दाबले. क्षुल्लक वाटतं, पण इथं कंटाळा केला की पट्टी गिचमिड निघते आणि माणूस पित्ताची गोळी घेऊन घरी जातो. व्ही-२ ते व्ही-४ या छातीवरच्या नोंदींत एसटीची रेघ ढळढळीत वर, म्हणजे हार्ट अटॅक. ॲस्पिरिन चघळायला दिली आणि गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस शिरेत सोडलं. कपाटात एकच व्हायल होती, तीही तीनदा मागणी केल्यावर आलेली. दुपारी पाणी उतरलं, तो कोल्हापूरला गेला, वाचला.

दहाच्या सुमारास एका वाडीहून ग्रामसेवकांचा फोन. "सर, अठ्ठेचाळीस वर्षांचे एक मयत आहेत, घरीच गेले. कारण काय लिहू?" मी पेशंट बघितलाच नव्हता, नमुना ४-अ, म्हणजे घरी झालेल्या मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला, कसा देणार? नाही म्हणालो. नियमानं बरोबरच. रजिस्टरात पडलं, 'अल्पशा आजाराने'.

आशाताईंनी नंतर सांगितलं. पहाटे पाठीत कळ, दरदरून घाम, डावा हात बायकोकडून दाबून घेतला, तासाभरात संपले.

२०२० साली देशात नोंदलेल्या शंभर मृत्यूंमागे जेमतेम बावीस-तेवीस जणांचं कारण डॉक्टरनं लिहिलेलं होतं. आणि आमचे लोक लिहितात तरी काय? 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. अहो, मेलेल्या प्रत्येकाचं हृदय बंद पडतंच, ते कशानं ते लिहा की! मिलियन डेथ स्टडी या देशभरातल्या मृत्यूंच्या कारणांच्या अभ्यासवाल्यांनी घरोघर जाऊन आशाताईंसारखंच घरच्यांना विचारलं, तेव्हा दिसलं की २०१५ पर्यंत तिशी ते सत्तरीच्या पुरुषांत हृदयविकाराच्या मृत्यूंचं प्रमाण खेड्यात शहरापेक्षा वर गेलंय. आमच्या रजिस्टरवरून बघाल तर तालुक्याचं हृदय ठणठणीत.

मागच्या आठवड्यात त्या मयताचा धाकटा भाऊ ओपीडीत आला. छातीत जळजळ.

"भाऊ कशानं गेला?"

"काय कळलंच न्हाई, डॉक्टर."

मी सिस्टरांकडे ब्लेड मागितलं.