दहा वॅटचा लेझर आणि 'वसुधा'ची दोन तुकड्यांत निघालेली पाटी

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला एकच विचारलं, लाकूड कापायला-कोरायला किती वॅटचा लेझर घेऊ. एक बेळगावात उद्यमबागेत माझ्याच मशीन शॉपमधला पोरगा, एक निपाणीचा मावसभाऊ, आणि एक खानापूरचे सर जे शाळेत पोरांना हस्तकला शिकवतात. तिघांनाही मी उलट विचारलं की मशीन ठेवणार त्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे? तिघंही गप्प. म्हणून म्हटलं आता एकदाचं सगळं लिहूनच काढतो, अडीच वर्षं झाली मला हे करायला लागून, फोनवर सांगून सांगून घसा बसतो.

माझं मशीन म्हणजे ते टेबलावर बसतं तसलं, उघड्या फ्रेमचं, निळ्या उजेडाचं डायोडवालं, ४०० बाय ४०० मिमीचं काम होतं त्यात. दिवसा मी सीएनसी लेथवर असतो. घर वडगावात, आप्पांचे पूर्वी दोन पॉवरलूम होते, एक विकला, दुसरा बंद आहे, त्या बंद मागाच्या शेजारीच माझं टेबल.

तर वॅट. माझ्या मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ४० लिहिलंय. ती मशीन खाते ती वीज, लाकडावर पडणारा उजेड १० वॅटचाच. घेताना ऑप्टिकल, म्हणजे उजेडाचे वॅट किती ते विचारायचं, बाकी आकडे सोडून द्यायचे. निळ्या डायोडची एक चिप साधारण ५ वॅटचा उजेड देते, १० वॅट म्हणजे दोन चिपांचा उजेड एका ठिपक्यावर आणलेला, २० म्हणजे चार. घरच्या कामाला, म्हणजे पाट्या, कीचेन, ३ मिमी प्लाय कापायला १० बास होतं. माझं सेटिंग आहे १०० टक्के पॉवर, मिनिटाला २५० मिमी, ठिपक्यावर फुंकणारी हवा चालू, एका पासात म्हणजे एकदाच फिरून कापतं, प्लाय वाईट असला तर दोन.

आणि दुकानांत अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापणारी जी मोठी मशीनं बघता ती वेगळी, ती सीओटू लेझर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारी. पहिला लेझर १९६० ला थिओडोर मेमननी माणकावर केला, आणि १९६४ ला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सीओटू लेझर बनवला तो सी. कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात! मला हे कळलं तेव्हा मी शॉपमध्ये सगळ्यांना धरून धरून सांगत होतो. आज जगात कुठंही सीओटू मशीन चालू झालं की त्यात बारामतीत जन्मलेल्या माणसाचं डोकं आहे, हे आपल्या शाळांत का सांगत नाहीत मला कळत नाही.

दोन्हींत फरक उजेडाच्या तरंगलांबीचा. सीओटूचा उजेड १०,६०० नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसतच नाही, आणि पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमध्ये तो शोषला जातो म्हणून कडा काचेसारखी चकचकीत कापली जाते. आपला डायोड ४५० नॅनोमीटरचा निळा, तो पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून सरळ आरपार जातो. मी पहिल्या महिन्यात तीन पास मारले, अ‍ॅक्रिलिकला ओरखडा नाही आणि खाली आप्पांचं सागवानी टेबल जळलेलं. काळं अ‍ॅक्रिलिक मात्र डायोडनं मस्त कापतं. म्हणजे तुम्हाला पारदर्शकच काम करायचं असेल तर डायोड घेऊच नका, वॅट कितीही असू दे.

आता खिडकी. आमची गल्ली म्हणजे भिंतीला भिंत. पहिल्या रविवारी एमडीएफ कापायला घेतलं आणि दहा मिनिटांत शेजारच्या काकू दारात, "काय जाळूलास रे आत? माझ्या शेवयांना वास लागला की!" त्यांचं बरोबरच होतं. एमडीएफमध्ये लाकडाच्या भुश्शाला युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, तो जळला की डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि तो धूर रोज नाकात घ्यायची वस्तू नाही. मग मशीनवर प्लायचा खोका केला, मागं सहा इंची डक्ट फॅन बसवला, पाइप बाहेर काढला पश्चिमेच्या भिंतीतून. उन्हाळाभर काही त्रास नाही. जूनला आपल्याकडचा पाऊस सुरू झाला, वारा सगळा पश्चिमेकडनं, आणि तो धूर पाइपातनं उलटा खोलीत, वर पाणीपण. शेवटी भिंत परत फोडून पाइप पूर्वेला परसाकडं काढला, तोंडाला एल्बो लावून खाली वळवलं. तेव्हापासून काकूंची तक्रार नाही. म्हणून विचारतो मी खिडकी कुठं आहे ते. फॅनचा, पाइपचा, खोक्याचा खर्च मशीनच्या किमतीतच धरा, "नंतर बघू" म्हणू नका.

पावसाळ्याचं अजून एक, प्लाय वाकतो. कोपरा दोन मिमी जरी उचलला तरी फोकस गेला, ठिपका पसरला, आणि मधे कापतं पण कोपऱ्यात कापत नाही. मी प्लाय आडवा ठेवून वर मागाचे जुने लोखंडी वजनाचे तुकडे ठेवतो. आणि प्लाय घेताना दुकानदार चांगला म्हणून ७१० नंबरचा मरीन देतो, तो लेझरला नको. त्यातला फिनॉलचा गोंद पाण्याला दाद देत नाही तसा लेझरलाही देत नाही, काळा होऊन बसतो. साधा ३०३ चा एमआर ग्रेड घ्या, आणि कडा बघून घ्या, आत पोकळ्या भरलेल्या असल्या तर तेवढ्याच जागी कापायचं राहतं.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. रेक्झिन लेझरखाली घालू नका. मी घातलं होतं. कुणाच्या तरी लग्नात वाटायला ६० कीचेन हव्या होत्या, रेक्झिनवर नाव कोरून, मी हो म्हटलं, कारण वरून ते चामड्यासारखंच दिसतं. रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. पीव्हीसीत क्लोरीन असतं, जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, तो ओलाव्याला लागला की हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. ओलावा कुठं, तर माझ्या छातीत आणि मशीनच्या लोखंडावर. दोन दिवस खोकत होतो आणि आठवड्यात बेअरिंगं, स्क्रू सगळे तांबूस. बेअरिंगं बदलली, छातीचं आपल्या हातात नसतं. गणपतीच्या आधी मखरासाठी लोकं सनबोर्ड घेऊन येतात, तोपण बहुतेक पीव्हीसीचा फोमच असतो, परत पाठवा. थर्माकोल तर बसल्या जागी पेट घेतो. मखर करायचंच तर प्लायचं करा, खाचा ठेवा, सुटं होऊन दर वर्षी माळ्यावर जातं.

कुठलं प्लॅस्टिक आहे कळत नसेल तर एक जुनी परीक्षा आहे. तांब्याची तार गॅसवर लाल करायची, त्या प्लॅस्टिकला टेकवायची, चिकटलेलं घेऊन परत आचेत धरायची, ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, ते मशीनखाली जाणार नाही. बायलश्टाइन टेस्ट म्हणतात. खिडकी उघडी ठेवून करा, तुकडा नखाएवढाच घ्या.

चामडं चालतं, पण कुठलं ते बघायचं. क्रोमवर कमावलेलं नको, त्याच्या धुरात क्रोमियमची भानगड असते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चालतं, आणि ते आपल्या दारातच आहे की! कोल्हापुरी चप्पल म्हणतो ती अथणीत, निपाणीकडं पण पिढ्यान्पिढ्या बनते, २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकाचे चार, बेळगाव त्यात आहे. मी अथणीहून कातरकामातले उरलेले तुकडे आणतो, त्यावर कमी पॉवरनं कोरलं की गडद चॉकलेटी रेघ उठते. वास मात्र केस जळल्यासारखा येतो, तो येणारच.

कोरताना मशीन एक एक ओळ मारत जातं, इकडून तिकडं, तिकडून इकडं. आप्पा पहिल्यांदा बघायला आले तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हा तर धोटा की रे." आणि खरंच तसं आहे. धोटा, म्हणजे मागातला आडवा धागा नेणारा, इकडून तिकडं जातो, जकार्डाच्या म्हणजे नक्षी विणायच्या यंत्राच्या पुठ्ठ्यावर भोक असेल तिथं उभा धागा उचलला जातो, नसेल तिथं नाही, ओळीवर ओळ बसून बुट्टा उठतो. लेझरलाही तेच, ठिपक्याला उजेड हो किंवा नाही. तेव्हा माझ्या कोरीवकामाच्या कडा करवतीसारख्या दातेरी येत होत्या आणि मी चार दिवस कॉम्प्युटरवर सेटिंग बदलत बसलेलो. आप्पांनी वाकून बघितलं, पट्ट्याला बोट लावलं आणि म्हणाले पट्टा ढिला आहे, जातानाची ओळ आणि येतानाची ओळ एकावर एक बसेना. स्क्रू अर्धा फेरा आवळला, कडा साफ. चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस, त्यांनी स्क्रीनकडं बघितलंसुद्धा नाही.

माझ्या लेथवाल्या भावांसाठी एक. जी-कोड, म्हणजे मशीनला हुकूम द्यायची भाषा, तोच आहे, पण एम-३, एम-४ चा अर्थ बदलतो. आपल्याकडं एम-३ म्हणजे स्पिंडल सुलटा, एम-४ उलटा. इथं जीआरबीएलवर, म्हणजे लेझर मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरवर, एम-३ म्हणजे पॉवर कायम एकसारखी आणि एम-४ म्हणजे हेड हळू झालं की पॉवरपण कमी. कोपऱ्यावर हेड हळू होतंच, तिथं एम-३ असला की कोपरा जळून काळा. $३२=१ करून लेझर मोड चालू ठेवा आणि एम-४ वापरा.

आता पाट्या, माझं सगळ्यात आवडतं काम. देवनागरीला शिरोरेषा आहे हे लेझरवाल्याला मोठं वरदान. इंग्रजी नाव कापलं तर प्रत्येक अक्षर सुटं, एक एक करून चिकटवत बसा. मराठी नाव शिरोरेषेनं धरून एका तुकड्यात निघतं. असं मी समजत होतो, मग टिळकवाडीतल्या एका घराची पाटी आली, 'वसुधा'. कापली, उचलली, तर हातात 'वसु' आणि 'धा' खालीच. चूक मशीनची नव्हती. ध, भ, थ या अक्षरांवर शिरोरेषा डाव्या बाजूला तुटलेलीच असते, शाळेत बाईंनी शिकवलेलं, ध ला डोक्यावर रेघ ओढली की घ होतो आणि भ चा म. माधव, सुभाष, मथुरा, सगळी नावं तिथं मोडणार. आता मी त्या अक्षराचा डावा वळसा अलगद ओढून मागच्या अक्षराच्या दांड्याला खालच्या अंगानं टेकवतो, रेघ वर घेत नाही. अनुस्वाराचाही टिंब सुटा पडतो, 'आनंद' कापलं की 'आनद' हातात येतं, म्हणून टिंब खाली आणून शिरोरेषेला चिकटवायचा.

अजून एक जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करून पाथ केला, म्हणजे अक्षरांची बाह्यरेषा केली, की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्यावर थोडी चढलेली असते. तसंच कापलं तर लेझर त्या प्रत्येक जोडावर उभी चीर मारतो आणि नाव अक्षर अक्षर होऊन पडतं. पाथ केल्यावर युनियन, म्हणजे सगळे आकार एकात एक जोडणं, करायचंच करायचं. फॉन्ट 'एक टाईप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचे घ्या, मुक्ता, बालू, मोदक, फुकट आहेत आणि युनिकोड आहेत. जाड पाटीला मोदक छान.

आणि इथं बेळगावात काम मराठी पुरतं थांबत नाही, निम्म्या लोकांना खाली कानडीतपण नाव हवं असतं. कानडी अक्षराला डोक्यावर तलकट्टू म्हणजे छोटी खूण असते पण ते शेजारच्या अक्षराला जोडत नाही, आणि जोडाक्षराचं ओत्तक्षर, म्हणजे त्यातलं दुसरं अक्षर, खाली वेगळंच लोंबतं, त्यामुळं कापलं की मूठभर तुकडे. मी खाली ६ मिमीची एक पट्टी देऊन अक्षरं तिच्यावर उभी करतो, ओत्तक्षर त्या पट्टीतच बुडवतो. शॉपमधल्या माझ्या कानडी मित्रानं बघितलं आणि म्हणाला वाचता येतंय पण बसलंय वाईट, पट्टी मधनं न्यायला पाहिजे. त्यानं कागदावर काढूनपण दिलं. त्याचं बरोबर वाटतंय.

डोळ्यांचं राहिलं. उघड्या फ्रेमची ही मशीनं चौथ्या वर्गाच्या लेझरमध्ये मोडतात, लाकडावरनं उडालेला उजेडसुद्धा डोळा घालवू शकतो. सोबत येणाऱ्या फुकट चष्म्यावर भरवसा ठेवू नका, ज्यावर ४५० नॅनोमीटर आणि ओडी (उजेड किती अडवतो तो आकडा) ५ किंवा वरचा आकडा छापलाय तोच घ्या, आणि खोलीत जेवढी माणसं तेवढे चष्मे. माझी भाची आली की मशीन बंद, खोका असला तरी. आणि चालू मशीन सोडून चहाला जायचं नाही, एकदाही नाही. मी हवेसाठी सुरुवातीला माशांच्या टाकीचा पंप लावलेला, ती हवा असली की ज्वाळ सहसा धरत नाही आणि काप पण स्वच्छ येतो. शेजारी ओलं फडकं आणि छोटा अग्निशामक.

खानापूरच्या सरांचा काल फोन होता, त्यांच्या खोलीला खिडकी पश्चिमेला एकच आहे. मी म्हटलं वर कौलातनं पाइप काढता येतो का बघा, एक कौल काढून तिथं पत्रा बसवून. रविवारी जाऊन बघून येतो, येताना 'वसुधा'ची नवीन पाटी टिळकवाडीत द्यायचीय, कानडीची पट्टी या वेळी मधनं नेलीय.